बोकहुईचा चेहरा

बोकहुईचं भलं व्हावं असं मला कधीच वाटलं नाही. आत्ताही वाटत नाही. जोन्जू शहरातल्या आमच्या सार्वजनिक हमामात आम्ही दोघी बायकांची अंगं घासतो. गिऱ्हाईक निजवायचा तिचा बाक माझ्या बाकाला लागून आहे, त्यामुळे तिचं तोंड मला दिवसभर बघावंच लागतं.

थोंगयंगच्या किनाऱ्यावर बारा वर्षं कालवं सोलून ती इकडे आली, तेव्हा तिचा चेहरा माझ्यासारखाच होता. लालभडक, कपाळावर आणि हनुवटीवर कातडीखाली दबलेल्या पुळ्या, साबण लागला की आग. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. म्हटलं, चला, सोबत झाली.

पण आल्यापासून आठव्या महिन्यात बाईचा चेहरा निवळला. पुळ्या गेल्या, लाली गेली. माझा बाक रिकामा असला तरी बायका तिच्या बाकासाठी थांबायला लागल्या. औषधवाल्याची बायको नऊ वर्षं माझं गिऱ्हाईक, तीसुद्धा एका मंगळवारी माझ्या तोंडाकडे बघून तिकडे जाऊन आडवी झाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

लाज गिळून मी बोकहुईला विचारलं, "काय लावतेस गं?"

"काही नाही, ताई. सकाळी नुसतं पाणी. रात्री सौम्य साबण, एकदाच. मग हे साधं क्रीम. आणि हा अंग घासायचा रुमाल तोंडाला अजिबात लावायचा नाही. दोन महिने दुसरं काही नाही."

"मी काय कालची आलेय? घासणारी बाई म्हणते घासू नका!"

आमचा खरखरीत हिरवा रुमाल फिरवला की मळाच्या शेवया निघतात. माझी रोजीरोटी त्याच्यावर. त्यानं तोंड बिघडतं हे मी कशी मानू? मला वाटलं, ही ताकास तूर लागू देत नाही. ती कामात असताना मी तिची आंघोळीची टोपली उचकली. एक साबण, एक ट्यूब. म्हणजे खरा माल घरी!

मग मी तोंडाला लावायच्या औषधांच्या सात बाटल्या आणल्या. एकावर एक थापल्या आणि रोज रात्री त्याच रुमालानं गाल घासले. राग तिच्यावर आणि कातडी माझी. महिन्याभरात माझं तोंड सोललेल्या टोमॅटोसारखं झालं, वर पुळ्या दुप्पट.

छुसकच्या, म्हणजे सुगीच्या सणाला भेट म्हणून नासपतीची पेटी घेऊन मी तिच्या घरी गेले. हात धुते म्हणून न्हाणीत शिरले आणि कपाट उघडलं. एक साबण, एक ट्यूब. खालचा कप्पाही बघितला. तिथे फक्त झाडू.

"सापडलं का, ताई?" बोकहुई दारात उभी होती.

मी तिथेच बसून रडले. शरमेनं नाही, रागानं. हिनं पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं, आता हिला शिव्या तरी कशाबद्दल द्यायच्या?

"उठा आता. तोंडावर मीठ लागलं की आग होईल," ती म्हणाली आणि नासपती कापायला गेली.

दुसऱ्या दिवसापासून माझा हात गालाकडे वळला की शेजारच्या बाकावरून आवाज यायचा, "ताई, हात खाली!" भर गिऱ्हाइकांत. मी दात खात हात खाली घ्यायची. सकाळी पाणी, रात्री साबण, वर क्रीम. पहिले तीन आठवडे काही फरक नाही. मग आग थांबली. हळूहळू पुळ्या बसल्या, आणि नव्या वर्षाच्या सुमारास मी आरशापुढे दोनदा उभी राहिले.

त्याच आठवड्यात औषधवाल्याची बायको माझ्या बाकापाशी परत आली. माझी हनुवटी धरून तिनं तोंड उजेडाकडे वळवलं.

"अगबाई, पिलसून! काय निवळलाय गं चेहरा! अगदी बोकहुईसारखा!"

शेजारच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं.

"पालथ्या व्हा," मी म्हणाले, आणि त्या दिवशी तिची पाठ जरा जास्तच घासली.