अंगणात बुडालेली होडी

माझे वडील, निवृत्त भूगोल शिक्षक, यांच्यावर गेल्या अक्षय्य तृतीयेच्या सकाळी, नळ येऊन अर्धा तास झाला असताना, सोलापुरातल्या आमच्या राहत्या घराच्या अंगणात घोर अन्याय झाला. अन्याय कुणी केला हे सांगायला मी थोडा वेळ घेणार आहे. वाचकांनी दबाव आणू नये.

अप्पांनी आयुष्यभर फळ्यावर महाराष्ट्राचा पश्चिम किनारा काढला. डहाणूला खडू टेकवला की थेट रेडीला उचलायचे, तेही वर्गाकडे बघत, कारण मागच्या बाकावर कुणीतरी कुणाला तरी चिमटा काढत असायचं. पण हा माणूस समुद्रात कधी गेला नव्हता. किनाऱ्यावर गेले होते, शाळेच्या सहलीबरोबर. तिथंही समुद्राकडे पाठ करून पोरं मोजत उभे. निवृत्त झाल्यावर एकदा जेवताना म्हणाले, "मला तो किनारा एकदा तिकडून बघायचाय. समुद्राच्या बाजूनं. इतकी वर्षं काढला, बरोबर काढला का ते कळेल."

एवढंच. एवढीच मागणी होती त्या माणसाची!

शहाण्या घरातल्या मुलीनं त्यांना एसटीत बसवलं असतं आणि मालवणात भाड्याच्या होडीत बसवलं असतं. पण मी आमच्या भागातल्या 'पाणी रोज द्या' मोहिमेची पत्रकं लिहिते. मला साधा उपाय सुचत नाही, भूमिका सुचते. भाड्याच्या होडीवाला अर्ध्या तासात 'चला, उतरा' म्हणणार, आणि ज्येष्ठ नागरिकाला उतरा म्हणणं हा त्याच्या आत्मसन्मानावरचा घाला आहे, असं मी मांडलं. त्यापेक्षा स्वतःची एक छोटी, जुनी मोटारहोडी घ्यावी. महिन्यातून एकदा न्यावी, दिवसभर फिरावं, संध्याकाळी परत. (सोलापूरहून समुद्र गाठायला रात्र जाते. ही अडचण मी तांत्रिक ठरवून बाजूला सारली.) होडी तिकडेच का ठेवू नये, असं आईनं विचारलं. वस्तू डोळ्यासमोर असावी, यावर मात्र घरात एकमत झालं.

जुनी वस्तू घ्यायची म्हणजे दिगूमामाला बोलवायचं, असा आमच्याकडे रिवाज आहे. मामा माळशिरसचा. त्यानं बैल, ट्रॅक्टर, पाण्याचं इंजिन आणि माझ्या मावसबहिणीचा नवरा, हे सगळं भोवतीनं एकदा चक्कर मारून पसंत केलेलं आहे. आजवर एकानंही दगा दिला नाही. (मावसबहिणीचा नवरा थोडा कमी ऐकतो, पण ते बघायला गेलो तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.)

मामाच्या पिकअपमधून, कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून, मामा, अप्पा आणि मी मालवणच्या अलीकडच्या एका गावात उतरलो. होडीवाल्यानं तीन होड्या दाखवल्या. दोन खाडीत उभ्या होत्या. मामा काठावर गेला, वाकला आणि तोंड वाकडं करून माघारी आला.

"ह्या भिजल्यात की."

"होडीच आहे ती, मामा."

"आसंल. पर पुरातनं काढलेली जीप घेशील का तू? पाण्यात उभी केली म्हंजी खालनं कुजली का फुगली, कुटं दिसतंय?"

मला हा मुद्दा भलताच पटला. मालाची खालची बाजू पाहणं हा ग्राहकाचा हक्क आहे! तो मी होडीवाल्याला पाच मिनिटं समजावून सांगितला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि तिसरी होडी दाखवली.

ती माडाखाली ओंडक्यांवर होती. निळी, फायबरची, कोरडी ठणठणीत, वर बोटभर धूळ. धूळ बघून मामाच्या चेहऱ्यावर माहेरची माया आली. त्यानं भोवतीनं चक्कर मारली, बैलाच्या पाठीवर टाकावी तशी थाप टाकली, पुढचं टोक वर करून हुंगलं. मग मागं टांगलेलं इंजिन चालू करायला लावलं, तिथंच, जमिनीवर. होडीवाला म्हणाला, "पाण्याबाहेर जास्त चालवू नकात, तापतला."

"आमच्याकडं समदंच तापतंय," मामा म्हणाला आणि डोळे मिटून ऐकत राहिला. ट्रॅक्टरचं इंजिन तो असंच ऐकतो, आरती ऐकल्यासारखं. जळका वास यायला लागला तेव्हा कुठं डोळे उघडले. "आवाज लई गोड हाय. हीच घ्या."

होडीवाल्याला आमची दया आली असावी. "पाण्यात घालून बघूया? दोन मिनटांचा काम आसा."

अप्पा पुढं झाले. त्यांनी चपला काढल्यासुद्धा. "एकदा बसून बघू का?"

"घरी गेल्यावर बसा की, दाजी," मामा म्हणाला. "कोरडी वस्तू कशाला भिजवायची?"

आणि मी त्या भल्या माणसाला सुनावलं, की आम्ही घाईत आणि दबावाखाली निर्णय घेत नसतो. समुद्र समोर होता. अप्पांनी चपला परत घातल्या.

होडी सोलापुरात आली. पिकअपच्या मागं निम्मी लोंबत, शेपटीला लाल फडकं बांधून. अंगणात दोन्ही बाजूंना विटांचे थर रचून त्यांवर तिला ठेवली, पिंप ठेवतात तशी. तिच्या टोकावर नारळ फुटला, गल्लीत पेढे वाटले गेले. मग आईनं विचारलं, "गळत नाही ना?"

 एवढी चक्कर मारली, थापा टाकल्या, पण हे बघायचंच राहिलं होतं.

आता सोलापुरात नळ चार-पाच दिवसांनी येतो. इथं भांडं घेतलं की पहिल्या नळाला ते काठोकाठ भरून बघायचं, हा शिरस्ता. पिंप असो, टाकी असो, हंडा असो. मी सिद्धान्त मांडला: जी आतलं पाणी बाहेर सोडत नाही, ती बाहेरचं पाणी आत घेणार नाही. सगळ्यांना पटला. अप्पा काहीतरी म्हणत होते, पण ते नेहमीच हळू बोलतात.

अक्षय्य तृतीयेला नळ आला. धार करंगळीएवढी. ह्यानं होडी दिवाळीला भरेल म्हणून मामानं नळाला थेट मोटार लावली. इथं मला थांबावं लागेल. 'नळाला मोटार लावणारा शेजाऱ्याच्या घशाला हात घालतो' हे वाक्य माझं आहे. पत्रकावर जाड टायपात आहे. घरोघरी मीच टाकलंय. मी मामाला म्हटलं, हे चूक आहे. मामा म्हणाला, "तपासणीपुरतं." आणि तपासणी हा शब्द ऐकला की मी विरघळते.

होडी भरत गेली आणि गल्लीतले नळ एकेक करून सूं-सूं करत बंद पडले. शेजारच्या अंबूबाई फाटकात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या घरात तीन पिढ्या माग चालला, त्याच्या खडखडाटावरून बोलायची त्यांच्या आवाजाला सवय आहे. हातात रिकामी घागर, घागरीत माझं पत्रक.

"वैशू, तू लिवलेलं वाचून घेतलं नातवाकडनं. छान लिवलंय. आता आमचं पानी कुटं गेलं तेवडं सांग."

मी उत्तर देण्याआधी होडीनं दिलं. दोन्ही बाजूंच्या विटांमध्ये अधांतरी असलेलं तिचं पोट आधी म्हशीसारखं खाली बसलं, मग आतून वाळका बांबू फुटावा तसा आवाज झाला, आणि बुडाला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला. पाणी चारी बाजूंनी उसळलं. अंबूबाईंनी क्षणही न दवडता घागर लावली. मग गल्ली धावली. बादल्या, कळश्या, कुकर, एकीनं तर पुरणाचं पातेलं आणलं. रांगही लागली, आधी म्हातारी माणसं, मग लेकुरवाळ्या, अगदी माझ्या पत्रकात लिहिली होती तशी. मोहिमेचं हे आजवरचं एकमेव यश.

दुपारी चिंचोळी एमआयडीसीत फायबरच्या टाक्या करणाऱ्या एकाला बोलावलं. त्यानं खालून बघितलं. "होडी म्हनून संपली. इंजिनबी आतनं जळालंय. पर तडा बुजवून टाकी करून देतो की, झाकणासकट." आई म्हणाली, "करा." तिला टाकी केव्हाची हवी होती, हे कुणी तिला विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी अप्पा होडीत जाऊन बसले. तळाशी राहिलेल्या चुळकाभर पाण्यात पाय सोडून, तड्याकडे बघत.  मी जवळ गेले तर म्हणाले, "किनाऱ्यासारखाच गेलाय बघ तडा. फक्त जयगडच्या खाडीत जरा चुकला."

मी हसले. ते हसले नाहीत.

"त्या माणसाला दोनच मिनिटं लागणार होती ना गं?"

त्या रात्री मी निषेधाचं पत्रक लिहायला बसले. होडीवाल्याचा निषेध करावा, तर तो बिचारा पाण्यात घालून देत होता. नळाचा करावा, तर तो त्या दिवशी नेमका आला होता. मामाचा करावा, तर त्याला घेऊन गेले मी. कागदावर 'जाहीर निषेध' एवढंच उरलं, आणि खाली माझी सही.

म्हणून आता थेट तुमच्याकडे मागणी. तुमच्यापैकी ज्याची होडी किनाऱ्यावर असेल, पाण्यात उभी, ओलीचिंब, खालून अजिबात न दिसणारी, त्यानं माझ्या वडिलांना एकदा तिच्यात बसवा आणि किनारा पूर्ण दिसेल इतक्या लांब न्या. चपला ते स्वतः काढतील. मला बरोबर घेऊ नका. आणि मी काठावरून काही मुद्दे मांडायला लागले, तर इंजिन चालू करा.