कानवाले सर

कानवाले सर माणसाशी बोलताना डोळ्यांत बघत नसत. बघत कानाच्या पाळीकडे. पाळी सुटी की गालाला चिकटलेली, ते पाहून म्हणत, "ही आजोळची दिसते." त्यांची स्वतःची चिकटलेली. "पण मला ती पुढं कुणाला द्यायची न्हाई," असंही हसत सांगत. लग्न केलं नव्हतं. जवळा बाजारच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, मी मराठी.

असा माणूस गावाला परवडत नाही. कुणाचं काय कुणावर गेलंय, हे चारचौघांत न निघालेलंच बरं. आठवडी बाजारात सर दिसले की लोक रुमाल कानावरून ओढून घेत. "थंडी हाय सर," म्हणत सटकत. एप्रिलातसुद्धा! त्यांच्या खोलीवर मी तेवढा जायचो, तेही चहा चांगला असे म्हणून.

सरांचं बोलणं एकाच माणसाबद्दल. परदेशातल्या मठातला एक साधू. बागेत वाटाणे लावून त्याने आनुवंशिकतेचा नियम शोधला. सर असं सांगत, जणू त्यांचा चुलताच. "वर्षानुवर्षं राबला. जिवंत होता तोवर कुणी विचारलं न्हाई हो."

निवृत्तीआधी तो प्रयोग एकदा स्वतःच्या हाताने करायचा, एवढीच त्यांची हौस. शाळेमागच्या जमिनीच्या तुकड्यात त्यांनी गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांचा संकर केला. पहिल्या हिवाळ्यात सगळे गोलच निघाले. "सुरकुती गेली न्हाई, दडलीय," सर म्हणाले. दुसऱ्या हिवाळ्यात ती परत यायची होती, तीन गोलांमागे एक. शेंगा वाळल्या आणि नेमकं त्यांना पेन्शनच्या कागदांसाठी हिंगोलीला जावं लागलं.

"सोलून ठेवा फक्त," म्हणाले.

मी शेतकऱ्याचं लेकरू. बियाणं दिसलं की हात निवडायला लागतो. सरांना निरोपाची भेट म्हणून सुरकुतलेला दाणान् दाणा वेचून मी माझ्या कोंबड्यांना टाकला, आणि गोल वाटाण्यांचा डबा पुढे करून शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

सर बराच वेळ डब्यात बघत होते. "सुरकुतलेले कुठं हायेत?"

"टाकले की! बियाणं कसं बराबर पाहिजे."

"कोंबड्या मोजून खातात का हो?" ते हसले. ते हसू मला अजून टोचतं. डबा माझ्याकडेच ठेवून महिनाअखेर ते नरसीला भावाच्या घरी गेले.

पुढच्या हिवाळ्यात मी ते गोल वाटाणे गुपचूप पेरले. शेंगा फोडल्या, तर गोलांमध्ये काही सुरकुतलेले! कोंबड्यांना चुकवून आलेले. एकही दाणा न निवडता सगळे पिशवीत भरले आणि नरसी गाठली.

दारात सरांचा पुतण्या उभा होता. "काकाला जाऊन महिना झाला. तुमाला कुणी सांगितलं न्हाई?"

तो शेवटच्या दिवसांचं सांगत राहिला आणि मी त्याच्या कानाकडे बघत राहिलो. पाळी चिकटलेली. थेट सरांची.

"काय बघून राहिले?" त्याने विचारलं, आणि गळ्यातला रुमाल हळूच कानावर ओढून घेतला.