स्पीकरवर ऐकलेलं

माझी थोरली आजही धड जेवली नाही. "भूक नाही गं," म्हणाली आणि कारखान्यातून आणलेला फोमचा तुकडा बोटांनी दाबत बसली. तेच डोळ्यांसमोरून हलत नाही. रडत नाही, भांडत नाही, नुसती दाबत बसते.

ती खुर्च्या बनवते, दवाखान्यांच्या, कचेऱ्यांच्या. पाच बायका आणि ती, एवढीच तिची कंपनी. लहानपणी घरातल्या एकुलत्या एका सोफ्याचं पोट फाडून तिने आत काय आहे ते बघितलं होतं, आणि मी ओरडायच्या आत शिवूनही टाकलं होतं. आजही स्वतः बसून बघितल्याशिवाय ती एकही खुर्ची बाहेर पाठवत नाही. "माझं वजन हीच आमची गॅरंटी," म्हणते.

फोम येतो तिच्या मामाकडून, म्हणजे माझ्या सख्ख्या दादाकडून. मागचा माल महिन्याभरात दबून चपटा झाला. तिने दादाला फोन लावला. हात कायम गोंदाने माखलेले, म्हणून तिचे सगळे फोन स्पीकरवर. मी तिथेच तिचा डबा उघडत होते. दादा म्हणाला, "पाठव परत आणि ते बिल विसर. मामाशी कसला हिशेब गं?" फोम त्याच्याच टेम्पोतून परत गेला. पावती कोण मागतंय मामाकडे?

आता त्याच बिलाची नोटीस आलीय. पैसे भरा, नाहीतर कंपनी बंद करायला कोर्टात जाऊ. मी तडक दादाकडे गेले. "वकिलांचे उद्योग गं, वेडे," तो हसला. "उत्तरबित्तर देऊ नका, मी बघतो." वर चहा पाजला.

दादाचा सल्ला ऐकून थोरलीच्या वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. "गप्प बसलात तर देणं कबूल केल्यासारखंच होईल. तेच हवंय त्यांना. दवाखान्याच्या खुर्च्यांसाठी तुमच्यासारखंच त्यांच्या मुलानेही टेंडर भरलंय. कंपनी कोर्टात अडकली की तुम्ही त्यातून बाद."

आम्हाला पत्ताच नव्हता. उत्तराची मुदत उद्या संपतेय.

"माल परत पाठवा म्हणाले, ते कोणी ऐकलं?" बाईंनी विचारलं.

"कोणी नाही," थोरली झटकन म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जिन्यात म्हणाली, "आई, तुला एकच भाऊ आहे."

तिला अजून माझ्या माहेराची काळजी. आणि त्याने मला समोर बसवून, हसत हसत फसवलं.

फोन हातात घेतलाय. दादाला नाही, वकीलबाईंना. झोपल्या असतील तर उठतील. उत्तरात साक्षीदार म्हणून माझं नाव घाला, असं सांगणार आहे.