तळ्याकाठचा मोथा

माझं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं. बॉटनी घेतली होती. लग्न झालं आणि रत्नागिरीहून मी नवऱ्यामागोमाग आखातात आले. एकोणीसशे चौसष्टच्या आसपासची गोष्ट. उम्म अल कुवैनच्या आतल्या अंगाला, खजुरीच्या बागांजवळ एक सरकारी प्रयोगाची शेती होती. माझा नवरा तिथे स्टोअरकीपर होता. आमची खोली स्टोअरच्या मागेच होती.

पंपाचं जास्तीचं पाणी साठून शेताच्या कडेला एक तळं झालं होतं. त्याच्या काठाने हिरवंगार काहीतरी माजलं होतं. ती जागा नांगरून टोमॅटो लावायचे, असं शेतीवरच्या इंग्रज साहेबांनी ठरवलं. त्यांनी रजिस्टरमधे झाडांची यादी केली होती, तीत तळ्याकाठी फक्त ‘गवत’ लिहिलं होतं.

मी पाणी आणायला रोज तिथे जायची. एक दिवस एक काडी उपटली आणि दोन बोटांत फिरवली. तीन कडा लागल्या. मधे गाठ नव्हती आणि तोडली तर आतून पोकळही नव्हती. वर पानांच्या छत्रीत चपटे तुरे होते आणि त्यांतले खवले समोरासमोर दोन ओळींत. मुळाशी उकरलं तर काळ्या गाठी निघाल्या. एक फोडून हुंगली. माझी आई शिकेकाईत घालायची तो मोथा.

साहेब नांगराजवळ उभे होते. मी तिथेच गेले. नवरा मागून म्हणाला, “तू मधे पडू नकोस.” मी पडले.

मोथ्याचं कॉलेजात शिकलेलं नाव घेऊन माझ्या मोडक्या इंग्रजीत मी सांगितलं, “हे गवत नाही, साहेब. हे सायपरस आहे.”

ते हसले. “पान लांब, हिरवं. गवतच की.”

“गवताच्या काडीला गाठी असतात. यात एक दाखवा.”

त्यांनी काडी हातातही घेतली नाही. मी म्हटलं, “नांगराने ह्या मुळाच्या गाठी तुटतील. एकाची शंभर होतील. हाताने खणा, गाठी वेचून काढा.”

“तुमच्या मिसेसना घरी न्या,” साहेब नवऱ्याला म्हणाले.

त्या संध्याकाळी नवऱ्याने समजावलं. “उद्या जाऊन सॉरी म्हण. नोकरी आहे माझी.”

“कशाबद्दल सॉरी? मी शिकले ते खोटं होतं का?”

तो जेवला नाही. मी जेवले. भीती मलाही होती, पण खोटं बोलायला जीभ वळेना.

नांगर फिरला, टोमॅटो लागले. काठाचा एक वाफा तेवढा कोपऱ्यात अडचणीला होता, ट्रॅक्टर तिथे पोचेना. तो मी मागून घेतला. आठ दिवस खणलं, बादलीभर गाठी काढल्या, उन्हात वाळवून जाळल्या. येणारे-जाणारे मजूर बघत. त्यांतला एक म्हणाला, “भाभी, साहेब का काम आप क्यों कर रही हो?”

“साहेब को आता नहीं इसलिए,” मी म्हटलं.

महिन्याभरात नांगरलेल्या जमिनीत टोमॅटो दिसेनासे झाले. सगळीकडे तीन कडांच्या काड्या. माझ्या वाफ्यातही दहा-बारा उगवल्या होत्या. त्या मी रोज उपटत होते.

साहेब आले, त्यांनी एक काडी तोडून बोटांत फिरवली. माफी वगैरे काही नाही. फक्त नवऱ्याला म्हणाले, “रजिस्टरमधे नाव बदला.”

नवऱ्याने सुबक अक्षरात ‘सायपरस’ लिहिलं. शेजारच्या रकान्यात, झाड कोणी ओळखलं तिथे, साहेबांच्या सांगण्यावरून स्वतःचं नाव लिहिलं. रजिस्टर घरी आलं होतं, म्हणून मला दिसलं. मी पेन घेतलं, त्याच्या नावावर रेघ मारली आणि माझं नाव लिहिलं, बापाच्या आडनावासकट. कॉलेजात ते तसंच होतं.

“साहेब चिडतील,” तो म्हणाला.

“चिडू द्या.”

त्याने पान पुन्हा एकदा वाचलं. मग शाई वाळेपर्यंत रजिस्टर उघडंच ठेवलं आणि सकाळी तसंच ऑफिसात घेऊन गेला.