नर्सबाईंचा बागेचा डोस

आमच्या रत्नागिरीत त्या काळी कोणाचं डोकं दुखो, पोट दुखो नाहीतर सासू दुखो, दवाखान्यातल्या नर्सबाईंचं औषध एकच: बाग. माणूस मेलं तरी त्यांनी आधी घरच्यांना बागेत एक फेरी मारायला लावली असती आणि मगच रडायची परवानगी दिली असती. पापणी ओढून डोळा बघायच्या, जीभ बघायच्या, आणि जीभ आत जायच्या आधीच सांगायच्या, "बाग. रोज संध्याकाळी. झोपाळ्यावर बसून घ्यायची." दवाखान्यातल्या लाल मिक्श्चरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "अर्धं पाणी आहे ते, आणि उरलेला अर्धा माझा दरारा," असं त्या रोग्याच्या तोंडावर सांगत. छत्री होती, पण ती उघडलेली कोणी पाहिली नाही. ती बागेत शिरणाऱ्या बकऱ्यांसाठी आणि वाद घालणाऱ्या सासवांसाठी होती.

बाग म्हणजे तरी काय? समुद्राकडच्या उतारावर जमिनीचा एक तुकडा, भोवती चिऱ्यांचा गडगा आणि मेंदीचं कुंपण, एक विहीर, आणि उंडीच्या झाडाला टांगलेला झोपाळा. पण सून हवा खायला गेली म्हटलं असतं तर घरोघर आभाळ कोसळलं असतं. औषधाला गेली म्हटलं की कोणाची बोलायची टाप नव्हती. नर्सबाईंनी ही मेख बरोबर ओळखली होती.

मी तेव्हा नवी सून आणि शहाणपणाचा अर्क. मोदकाला नाजूक कळ्या पाडता येतात, म्हणजे जगात शिकण्यासारखं काही उरलं नाही अशी माझी समजूत. बागेत बसणाऱ्या बायका वाया गेलेल्या, हेही माझं ठाम मत. ते माहेराहूनच आलं होतं, रुखवताच्या लाडवांबरोबर. हे मुंबईला नोकरीवर आणि माझं डोकं अष्टौप्रहर ठणकत असे. नर्सबाईंनी अर्थातच बाग सांगितली. सासूबाईंनी माझ्या हातात रिकामी बाटली दिली. "औषध आणायचं तर बाटली आपली न्यावी लागते गो." आणि मी विदुषी, पदराखाली बाटली धरून बागेच्या फाटकात उभी! नर्सबाई हसल्यासुद्धा नाहीत. विहिरीचं पाणी बाटलीत भरलं, मोगऱ्याच्या आळ्यात ओतलं आणि म्हणाल्या, "झाला तुझा डोस. उद्या परत."

चारच महिन्यांत मला त्या डोसाची चटक लागली आणि तेवढ्यात बातमी आली की बाग सरपणाच्या वखारीला द्यायची. बागेची कमिटी होती आणि तिचे म्होरके खुद्द आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे. "तिथे येतं कोण?" असं कमिटीचं म्हणणं. शनिवारी संध्याकाळी येऊन बघणार. बाग रिकामी दिसली की वखार.

नर्सबाई घरोघर हिंडल्या. "आला नाहीत तर पुढलं बाळंतपण वखारीत करीन!" असा दम भरला. पण शुक्रवारी झोपाळ्याची दोरी ताणून बघताना एकच गाठ त्यांनी तीनदा सोडून बांधली. "बाटलीने न जाणारी दुखणी मी पाठवू कुठे गो?" त्या म्हणाल्या. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

शनिवारी झाडून साऱ्या जणी आल्या. फुगड्या काय, हसणं काय! मी झोपाळ्यावर. आणि फाटकाशी मामंजी खाकरले. झालं! मोठी माणसं दिसली की आडोसा धरायचा, हे आम्हाला पाळण्यातच शिकवलेलं. डोळ्याचं पातं लवतंय तोवर कोणी मेंदीमागे, कोणी गडग्याआड, कोणी विहिरीच्या रहाटामागे. बाग वाचवायला आलेल्या बायकांनी बाग रिकामी करून दाखवली!

राहिले मी. झोपाळा उंच गेलेला, उडी मारायच्या बेतात होते, तोच पाठीत नर्सबाईंच्या हाताचा रेटा बसला. दातओठ खाऊन त्या पुटपुटल्या, "उतरलीस तर बाग गेली." मी उतरले नाही. याला धैर्य वगैरे म्हणू नका. मला मामंजी दिसले नाहीत तर त्यांनाही मी दिसणार नाही, एवढ्या अकलेवर मी डोळे गच्च मिटून घेतले होते.

"बघा, चिटपाखरू नाही," कमिटीतलं कोणीतरी म्हणालं.

"आणि ही?" नर्सबाई.

"ही कोणाची?"

दोरी करकरत होती. नर्सबाईंनी नाव सांगितलं असतं तर माझी शोभा झाली असती. त्यांनी झोपाळ्याला नुसता आणखी एक झोका दिला. माझ्या अंगावर दिवाळीचं लुगडं होतं, मामंजींनीच आणलेलं. ते पुन्हा खाकरले.

"कोणाची का असेना. माणूस आहे ना? मग बाग रिकामी कशी?"

"एकटीसाठी बाग ठेवायची?"

तेवढ्यात मेंदीमागे कोणाची तरी बांगडी वाजली. मग दुसरीची. मग, दाबून धरलेल्या हसण्याने, सगळं कुंपणच किणकिणायला लागलं.

"कुंपणही रिकामं दिसत नाही," मामंजी म्हणाले आणि पाठ फिरवून चालू लागले.

जेवताना त्यांनी पानातून मान वर न करता सासूबाईंना विचारलं, "सूनबाईंचं डोकं?"

"आहे, मधून मधून."

"मग औषध मध्येच सोडू नये."

बाग राहिली, नर्सबाई राहिल्या नाहीत. पुढच्या हंगामात त्यांची हर्ण्याला बदली झाली. बंदरावर रडायला यायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता, म्हणून आम्ही बागेतूनच बोट बघत उभ्या राहिलो. फाटक वाजलं. मामंजी. आम्ही पदर सावरले, पण कुंपणामागे कोणीच गेलं नाही. तेही लांबच थांबले, समुद्राकडे तोंड करून. बोट मिऱ्याच्या डोंगराआड गेली.

"हर्ण्याला नुसता मासळीचा लिलाव," ते कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. "बाग नाही तिथे."

सासऱ्यांशी सुनेने समोरून बोलायची रीत नव्हती. मी तोवर बोललेही नव्हते.

"होईल, मामंजी," मी म्हटलं.