खडूच्या चौकोनातली खुर्ची

नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या धम्मानंद मेश्रामांच्या घरासमोर आठ बाय दहा फुटांचं अंगण आहे. त्यात मोटारसायकल उभी राहते, कपडे वाळतात आणि मीटरवाला येऊन जातो. बुटीबोरीच्या सूतगिरणीतून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर धम्मानंदांनी याच अंगणात बाग करायचं ठरवलं. त्यांच्या पत्नी प्रेमिला यांचं मागणं एकच होतं: संध्याकाळी बसायला जागा. लग्नापासून त्या दाराच्या पायरीवर बसत आल्या होत्या आणि कुणी आलं की त्यांना उठावं लागे.

जानेवारीत धम्मानंदांनी फरशीवर खडूने आखणी केली. खिडकीखाली विटांचा पक्का बाक आणि वर कडप्पा. समोरच्या भिंतीला तीन पायऱ्यांचं लोखंडी स्टँड, त्यावर शेवंती, मोगरा, पुदिना, गुलाब. मोटारसायकल तिरपी लावली की चालायला वाट उरत होती. वाया गेलेली जागा शोधूनही सापडली नसती. शेजारचे मधुकरराव कुंपणावरून बघून म्हणाले, "गिरणीच घरी आणली का गा?"

प्रेमिला दोन महिने बाकावर बसल्या.

होळीनंतर धम्मानंद गच्चीवर गेले आणि ताडपत्रीखालचा कूलर पाहून तिथेच उभे राहिले. घराला खिडकी एकच. कूलरचं स्टँड दरवर्षी तिच्यासमोर लागायचं, तिथे आता बाक होता.

"अजी, कूलर कुठी लावता? माह्या डोक्यावर?" प्रेमिलांनी खालून विचारलं.

"माप बरोबर आहे वं."

"माप बरोबर आहे. तुमच्या नकाशात उन्हाळाच नाही काढला."

कूलरशिवाय नागपुरात एप्रिल काढणं शक्य नव्हतं. धम्मानंदांनी हातोडा आणला. प्रेमिला बाकावर जाऊन बसल्या.

"ऊठ वं."

"काहून? फोडा ना. मी बसून राहिले इथं."

"असं का करतं? बाक दुसरा बांधू."

"मले बाक नाही पाहिजे. बसाले जागा पाहिजे. तुमच्या कुंड्याले चार फूट भिंत, अन् मले पायरी?"

धम्मानंदांनी हातोडा खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कूलरच्या स्टँडचे मागचे दोन पाय कापून आखूड केले. ते बाकाच्या कडप्प्यावर टेकले, पुढचे दोन जमिनीवर. कूलर खिडकीला बरोबर लागला. पण बाकावर आता माणूस बसू शकत नव्हता.

समोरच्या भिंतीवर दुपारभर ऊन असायचं आणि पुदिना करपायला लागला होता. धम्मानंदांनी एकेक कुंडी उचलून कूलरखाली बाकावर मांडली. तिथे सावली होती आणि ठिबकणारं पाणीही. कुंड्यांचं लोखंडी स्टँड गच्चीवर गेलं, जिथे एरवी कूलर असायचा त्या जागी. रिकाम्या भिंतीशी त्यांनी वेताची खुर्ची आणून ठेवली. ऊन उतरलं की ते भिंतीवर आणि फरशीवर पाणी मारत आणि प्रेमिला बसत. पहिल्याच संध्याकाळी मधुकरराव म्हणाले, "वहिनी, आता कुंड्या बाकावर अन् तुमी कुंड्यांच्या जागी?"

"हो ना भाऊ. मलेही रोज पाणी घालतात आता."

गुलाब तरीही गेला. बाकी कुंड्या टिकल्या.

ऑक्टोबरमध्ये कूलर पुन्हा गच्चीवर गेला. बाकावर फक्त कुंड्या उरल्या. धम्मानंदांनी अंगण नव्याने आखायला घेतलं. या वेळी खडूने पहिला चौकोन काढला तो खुर्चीचा, भिंतीशी. मग उरलेल्या जागेत कुंड्यांची आखणी केली आणि त्या बाकावरून हलवल्या.

आता बाकावर पाहुणे बसतात. खुर्ची मात्र त्या चौकोनात नसते. प्रेमिला रोज ती वीतभर पुढे ओढतात, मोटारसायकलच्या वाटेत. धम्मानंद गाडी थोडी अधिक तिरपी लावतात.