डाळिंबावरची रक्षा

वैरागच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या महादेवाचे गुरव म्हणजे आमचे आण्णा, माझे वडील. सकाळी पिंडीला भस्म, मग स्वतःच्या कपाळाला, मग चहा. आई गेली तेव्हा सुतकात तेवढा हा क्रम मोडला. मी एकटीच मुलगी, त्यामुळे अग्नी आण्णांनीच दिला. आमच्याकडे हल्ली बरेचजण रक्षा नदीत सोडत नाहीत. खड्ड्यात घालतात आणि वर झाड लावतात. आईची रक्षा परसात घातली, वर डाळिंब लावलं. पाहता पाहता ते माझ्या डोक्यावर गेलं.

मी सोलापुरात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. या उन्हाळ्यात शेजाऱ्यांचा फोन आला. त्यांची डाळिंबाची बाग आमच्या परसाला लागूनच.

"बाई, तुमच्या झाडावर पांढरं कायतरी आलंय. आण्णा फवारू देत न्हाईत. माज्या बागंत आलं तर मी काय करू?"

रविवारी गेले. बुंधा पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला, पानांवर काजळी, मुंग्यांची रांग. आण्णा दारात उभे होते. कपाळावरचे पट्टे नेहमीपेक्षा जाड आणि चिकट दिसत होते. ते भस्म देवळातलं नव्हतं.

"तुजी आई वर आलीया," ते म्हणाले. त्यांनी एक ठिपका चिरडला आणि बोट माझ्यासमोर धरलं. बोट लाल झालं होतं. "भस्म बी हाय आन् कुंकू बी. सवाष्ण गेली की ती."

जन्मभर भस्म आणि कुंकू हाताळणाऱ्या माणसाला दुसरं काय दिसणार? हे आता सुचतं. तेव्हा मला रडू यायच्या आधी चीड आली.

"आण्णा, कीड आहे ती. पुसा ते कपाळ."

"कीड हाय, तर नाव सांग की तिचं. नावाबिगर झाडाला हात लावू द्यायचो न्हाय."

मला नाव माहीत नव्हतं. पिठ्या ढेकूण असेल तर धुऊन, फवारून झाड वाचलं असतं. दुसरी एक कीड अशीच दिसते. ती दाबलेल्या लोकरीसारखी पिशवी स्वतःभोवती विणते आणि सालीच्या भेगांत बसते. ती असेल, तर या बुंध्याची आशा नव्हती. फांदीचा तुकडा पिशवीत घालून मी परतले. सोलापुरात सात रस्त्याला रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा माझं लक्ष माझ्याच लाल बोटांकडे गेलं. मी ती पदराला पुसली आणि पिठ्या ढेकूणच असू दे, असं मनात म्हणत राहिले.

प्रयोगशाळेत पिशवी फाडून एक मादी काढली. रीतीप्रमाणे कॉस्टिक पोटॅशमध्ये गरम केली. आतलं सगळं विरघळतं, ते सुईनं हलकेच दाबून काढायचं. उरते ती पारदर्शक कातडी. तिला गुलाबी रंग देऊन काचेवर पसरायची. जात मादीवरूनच कळते, आणि तीही तिच्या आत काही उरलं नाही म्हणजे. हे मी वर्षानुवर्षं मुलांना हसतखेळत शिकवलं आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली पाठभर जाड, शंकूसारखे काटे दिसले. पिठ्या ढेकणाच्या कडेला असतात ते काट्यांचे पुंजके नव्हतेच. दुसरी मादी लावली, तिसरी लावली. तामणाच्या कुळातल्या झाडांवर वाढणारी आणि डाळिंबावरही येणारी लोकरी खवल्यांची जात होती ती. मी खुर्ची मागं सारली आणि सूक्ष्मदर्शकाचा दिवा मालवला.

पुढच्या रविवारी आण्णांना नाव सांगितलं. लांबलचक लॅटिन नाव. संकल्पात गोत्र उच्चारावं तसं त्यांनी ते दोनदा म्हटलं.

"त्या पांढऱ्यात काय असतंय?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "मादी स्वतःभोवती विणते. आत अंडी घालते आणि तिथंच मरते."

"आन् लाल?"

"तिच्याच अंगातलं."

आण्णांनी उपरण्यानं कपाळ पुसलं, जरा जास्तच जोरात. मग स्वतःच कुदळ आणली. शेजारी मदतीला आले, त्यांना हातानंच थांबवलं. कीड बुंध्यात खालपर्यंत गेली होती, झाड मुळासकट काढणं भाग होतं. मुळांत अडकलेली माती त्यांनी बोटांनी सोडवली आणि मूठमूठ करून खड्ड्यात परत घातली. फांद्या तिथंच रचल्या. मी काडी ओढायला गेले, तर माझ्या हातातून पेटी काढून घेतली.

"मीच देतो," ते म्हणाले.

ओलं लाकूड धुमसत राहिलं. ऊन कलल्यावर विझलं. शेजारी बांधावरून हात जोडून निघून गेले. आण्णा राखेशी उकिडवे बसले होते, कपाळ उघडं.

"पोरी," त्यांनी विचारलं, "आता ही कुटल्या झाडाला घालायची?"